लाळ्या-खुरकुताचा फास: विषाणू पेशीला कसा धरतो आणि लस थंडच का ठेवावी लागते

दिवाळी झाली की आमच्या खटाव-माण भागातले रस्ते जनावरांनी भरून जातात. कारखान्यांचे गळीत सुरू होऊन ऊसतोडीच्या बैलगाड्या बाहेर पडतात, पुसेगावला आणि पलीकडे आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीला यात्रेचे खिलार बाजार भरतात, आणि कुठकुठल्या गावांची जनावरे एकाच हौदावर पाणी पितात. लाळ्या-खुरकुताची धास्ती गोठ्यागोठ्यात असते ती याच दिवसांत. जनावराला ताप भरतो, तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागतात, जिभेवरचे कातडे सोलवटते, खुरांच्या बेचक्यात फोड येऊन फुटतात आणि ऐन धारेवरची गाय दोन दिवसांत दुधाला तुटते. मोठी जनावरे बहुधा वाचतात, परंतु लहान वासरांच्या हृदयावर घाला पडून ती उभ्याउभ्या कोसळतात.

हा रोग आपल्याकडचाच आहे असे समजण्याचे कारण नाही. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळच्या एका म्हशींच्या कळपात तो सापडला, तेव्हा जर्मनीत १९८८ नंतर प्रथमच त्याचा शिरकाव झाला होता. पाठोपाठ मार्च महिन्यात हंगेरी आणि स्लोव्हाकियातही तो निघाला. ब्रिटनमध्ये २००१ साली आलेल्या साथीत ६० लाखांहून अधिक जनावरे मारून टाकावी लागली. आपण जनावरे मारत नाही, लस टोचतो. सप्टेंबर २०१९ पासून देशभर सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली गाई-म्हशींना वर्षातून दोनदा मोफत लस मिळते.

गेल्या फेरीच्या वेळी आमच्या आळीतल्या एका आजींनी लस टोचायला आलेल्या डॉक्टरांपुढे पदर सावरून दंड पुढे केला आणि म्हणाल्या, “डाक्टर, ह्यो बघा देवीचा वण. एकदाच टोचलं, जल्माचं झालं. मग माझ्या गाईला वर्सातनं दोनदा कशापायी?” डॉक्टरांना त्या दिवशी अजून बरीच दावण पुरी करायची होती. ते हसले आणि पुढच्या गोठ्याकडे वळले. आजींचा प्रश्न मात्र इतका नेमका होता की त्याला पूर्ण उत्तर मिळायला हवे, आणि ते उत्तर दडले आहे ते या विषाणूच्या अंगावरच्या एका प्रथिनाच्या आकारात.

विषाणू म्हणजे नेमके काय

जिवाणू हा स्वतः खाऊन-पिऊन वाढणारा सूक्ष्म जीव आहे. विषाणूला ते जमत नाही. तो म्हणजे बंद डबीतली एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर ‘माझ्यासारखी आणखी डबी बनव’ एवढाच मजकूर असतो, आणि तो वाचून अमलात आणणारे यंत्र विषाणूजवळ नसून जनावराच्या पेशीत असते. पेशी म्हणजे ज्यांच्यापासून शरीर बनते त्या जिवंत विटा. चिठ्ठी पेशीच्या आत पोचली नाही, तर विषाणू धुळीच्या कणाइतकाच निरुपद्रवी राहतो.

प्राण्यांना रोग करणारा जो पहिला विषाणू माणसाच्या ध्यानात आला, तो हाच. जर्मनीतील फ्रेडरिक लोफ्लर आणि पॉल फ्रॉश यांनी १८९८ मध्ये रोगी जनावराच्या फोडातले पाणी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून घेतले. गाळून निघालेल्या स्वच्छ पाण्यानेही निरोगी जनावर आजारी पडले, तेव्हा जिवाणूपेक्षा कितीतरी लहान असे काहीतरी यात आहे हे त्यांच्या लक्षात आले. हा विषाणू साधारण ३० नॅनोमीटर व्यासाचा आहे. मोजपट्टीवरच्या एका मिलिमीटरच्या रेघेत असे तेहतीस हजार विषाणू ओळीने बसतील.

बारा तुकड्यांचे कवच

चिठ्ठी ज्या डबीत असते तिला कवच म्हणू. ते प्रथिनांचे बनलेले असते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ले नावाच्या वीस तऱ्हेच्या मण्यांची एक लांब माळ. कोणता मणी कोणत्या मण्यानंतर येतो यावरून ती माळ स्वतःभोवती घड्या घालून ठरावीक आकार घेते. प्रथिनाचे काम त्या आकारातून येते. विळ्याचे पाते सरळ करून ठेवले तर लोखंड तेवढेच राहील, पण त्याने गवत कापले जाणार नाही. प्रथिनाचेही तसेच आहे.

लाळ्या-खुरकुताच्या विषाणूच्या कवचात चार तऱ्हेची प्रथिने असून प्रत्येकाच्या साठ प्रती असतात. त्यांना व्हीपी-१ ते व्हीपी-४ अशी नावे आहेत. पहिली तीन बाहेरच्या बाजूला दिसतात, चौथे आतून अस्तरासारखे बसते. चारही प्रथिनांचा एक संच, असे पाच संच मिळून एक पंचकोनी तुकडा, आणि असे बारा तुकडे मिळून पूर्ण कवच. जुना काळा-पांढरा फुटबॉल आठवून पाहावा. त्यावरची काळी पंचकोनी ठिगळे मोजली तर ती बाराच भरतात. त्या ठिगळांच्या मध्ये पांढरे काहीच ठेवले नाही आणि ती मोठी करून एकमेकांना थेट भिडवली, तर जो गोळा तयार होईल तसे हे कवच असते.

फुटबॉलची ठिगळे दोऱ्याने शिवलेली असतात, इथे मात्र शिवण नाही. बारा तुकडे एकमेकांना नुसते टेकून, कमजोर रासायनिक ओढीने धरून राहिलेले असतात. पुढे जे जे सांगायचे आहे, ते सारे या बिनशिवणीच्या जोडातून निघते.

या कवचाचे अणूंच्या जागा कळाव्यात इतके बारीक चित्र १९८९ मध्ये ऑक्सफर्डचे डेव्हिड स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. त्या शोधनिबंधावर पहिले नाव रवी आचार्य यांचे आहे. पद्धत अशी की विषाणू शुद्ध करून त्यांचे मिठासारखे स्फटिक करायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि किरण कसे विखुरतात त्यावरून गणिताने आकार उभा करायचा. त्या चित्रात कवचाचा बहुतेक भाग स्वच्छ आला, पण व्हीपी-१ या प्रथिनाचा एक तुकडा धूसरच राहिला. फोटो काढताना लेकराने हात हलवला की हाताच्या जागी फराटा उमटतो, तसे काहीसे ते होते. तो तुकडा सतत हलत होता. आणि पेशीला धरण्याचे काम नेमका तोच तुकडा करतो.

दाव्याचा फास आणि पेशीवरची खुंटी

व्हीपी-१ ही साधारण २११ मण्यांची माळ आहे. तिच्यातला १४० ते १६० क्रमांकांच्या आसपासचा भाग घडी न घालता कवचाच्या बाहेर लोंबत राहतो. दावणीला जनावर बांधायचे दावे घ्या: एक टोक पक्के, आणि दुसऱ्या टोकाचा फास सैल लोंबता. विषाणूच्या अंगावर असे साठ फास असतात. फासाच्या टोकाशी तीन मणी ठरलेले आहेत: आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल. शास्त्रज्ञ या तिकडीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आरजीडी’ म्हणतात.

आता पेशीकडे पाहू. पेशीच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाची प्रथिने खुंट्यांसारखी उभी असतात. त्या विषाणूच्या सोयीसाठी नाहीत हे उघड आहे. शेजारच्या पेशींना आणि पेशींमधल्या भरावाला घट्ट धरून ठेवणे हे त्यांचे मूळ काम आहे. त्या भरावातल्या फायब्रोनेक्टिनसारख्या शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांवरही हीच ‘आरजीडी’ तिकडी असते आणि तिच्यावरूनच इंटिग्रिन त्यांना ओळखते. म्हणजे विषाणूने घरातल्याच माणसाची खूण उचलली आहे. सांकेतिक टकटक ऐकून आतल्याने कडी काढावी, तशी पेशी फसते. ज्या प्रथिनाला धरून विषाणू आत शिरतो त्याला ग्राही म्हणतात. या विषाणूचा मुख्य ग्राही ‘अल्फा-व्ही बीटा-सहा’ नावाचा इंटिग्रिन आहे.

फास सैल असण्याचा विषाणूला फायदा होतो. ताठ काठीचे टोक खुंटीवर नेमके बसवायला कोन जुळावा लागतो, पण लोंबता फास इकडून तिकडून कसाही अडकतो. एकदा अडकला की त्याचा आकार स्थिर होतो, आणि ‘आरजीडी’च्या लगतचे मणी पिळा घेऊन खुंटीच्या खोबणीत बसतात. एका फासाची पकड विषाणूला पुरेशी ठरली नाही, तरी शेजारचे दोन-चार फास अडकले की तो सुटत नाही.

जीभ, खूर आणि सड हीच ठिकाणे का

रोगाचे फोड पाठीवर किंवा पोटावर का येत नाहीत, हा प्रश्न गोठ्यात राबणाऱ्या प्रत्येकाला पडला असेल. उत्तराचा मोठा भाग खुंटीच्या जागेत आहे. गाईच्या जिभेवरच्या, तोंडातल्या आणि खुरांच्या बेचक्यातल्या आवरणाच्या पेशींवर ‘अल्फा-व्ही बीटा-सहा’ कायम उभा असतो. जिथे खुंटी, तिथे बांधणी. त्यात भर म्हणून या जागा सदैव घासल्या जातात: जीभ वैरणीवर, खूर दगडमातीवर, सड धार काढणाऱ्या हातात. आधीच संसर्गाने खिळखिळी झालेली कातडी घर्षणाने सोलवटते आणि फोड फुटतो.

कवच फुटते तेव्हाच चिठ्ठी बाहेर येते

खुंटीला अडकलेल्या विषाणूला पेशी आपल्या पडद्याच्या एका बारीक पिशवीत घेऊन आत ओढते. बाहेरून आलेला माल पचवण्याची तिची ही नेहमीची रीत आहे, आणि पचवण्यासाठी ती पिशवीत आम्ल सोडते. ऊस-द्राक्षांच्या बागायतदारांना माती परीक्षणाच्या अहवालातला ‘सामू’ परिचयाचा आहे: ७ म्हणजे ना आंबट ना खार, त्याखाली आंबट, त्यावर खार. पिशवीतला सामू साडेसहाच्या खाली उतरला की कवचाचे बारा तुकडे भराभर सुटे होतात.

असे का व्हावे? दोन तुकड्यांच्या जोडावर हिस्टिडिन नावाचे मणी असतात. आंबटपणात त्यांच्यावर धन विद्युतभार चढतो, आणि दोन लोहचुंबकांची सारखी टोके जशी एकमेकांना ढकलतात तसे तुकडे एकमेकांना ढकलू लागतात. शिवण नसल्यामुळे धरून ठेवणारे दुसरे काही नसते. डबी उघडते, चिठ्ठी पिशवीबाहेर निसटते आणि पेशीचे यंत्र ती वाचू लागते. पेशीने शत्रू मारण्यासाठी सोडलेले आम्लच शत्रूची गाठोडी सोडवून देते. प्रथम वाचले तेव्हा मला या गोष्टीचे फार नवल वाटले होते, आणि आजही वाटते.

साबणाने हा विषाणू का मरत नाही

करोनाच्या काळात आपण सर्वांनी साबणाचे महत्त्व शिकलो. ते बरोबरच होते, कारण करोना विषाणूच्या कवचाभोवती चरबीचा पडदा असतो आणि साबण चरबी विरघळवतो. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला असा पडदाच नाही, त्याचे प्रथिनांचे कवच उघडेच असते. साबणाने घाण धुऊन निघते, हा लाभ आहेच. परंतु नुसत्या साबणाने कवच फुटत नाही.

त्याचे वर्म वेगळे आहे आणि ते आपण आत्ताच पाहिले. सामू ६ च्या खाली नेला की कवच उसवते, आणि ९ च्या वर नेला तरीही विषाणू टिकत नाही. त्यामुळे धुण्याच्या सोड्याचे ४ टक्क्यांचे द्रावण, म्हणजे १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम, गोठ्याची जमीन, गव्हाण, बूट आणि गाडीची चाके यांसाठी उपयोगी पडते. आंबट बाजूने जायचे तर सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, ०.२ टक्के, १० लिटरला २० ग्रॅम, पुरते. दोन्ही एकत्र करू नयेत, कारण खार आणि आंबट एकमेकांना मारतात आणि हाती साधे पाणी उरते. खाण्याचा सोडा इथे चालत नाही, तो तेवढा खार नसतो. आणि शेण खरवडून काढल्याशिवाय काहीही शिंपडले तरी त्या थराखालचा विषाणू सुरक्षित राहतो. हा सोडा जनावराच्या जखमेवर मात्र चुकूनही लावू नये. जखमेचा उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळाच करावा लागतो.

लस शरीराला काय दाखवते

आता लसीकडे येऊ. कारखान्यात विषाणू पेशींवर वाढवतात, रसायनाने त्याची चिठ्ठी निकामी करतात आणि रिकाम्या धमकीसारखे उरलेले अखंड कवच तेलासारख्या पूरक द्रव्यात मिसळून बाटलीत भरतात. जनावराचे शरीर ते कवच पाहते आणि त्याला नेमके चिकटणारी प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. खरा विषाणू आला की प्रतिपिंडे त्याच्या फासांवर आणि आजूबाजूच्या उंचवट्यांवर जाऊन बसतात. फास झाकला गेला की खुंटीला अडकत नाही, आणि झाकलेला विषाणू शरीरातल्या भक्षक पेशी गिळून टाकतात.

‘लस टोचली म्हणूनच रोग आला’ हे वाक्य दर फेरीला कुणीतरी म्हणतेच. लसीत वाढू शकणारा विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून रोग होत नाही. टोचल्या जागी सूज येणे, एखाद-दोन दिवस कणकण राहणे, दूध थोडे कमी होणे असे मात्र घडू शकते आणि ते लपवण्याचे कारण नाही. बरेचदा असे होते की जनावराला संसर्ग आधीच झालेला असतो. रोग अंगात मुरायला २ ते १४ दिवस लागतात, आणि त्याच मुदतीत लस टोचली गेली की दोष लसीवर येतो.

आणि आता ती थंड पेटी. सुट्या झालेल्या पंचकोनी तुकड्यांकडे पाहून शरीर जी प्रतिपिंडे बनवते, ती अखंड विषाणूविरुद्ध फारशी कामाची नसतात. उघड आहे: मोडलेल्या खाटेचे खूर आणि गाते वेगळे करून दाखवले, तर तिच्यावर माणूस कसा झोपतो हे कळणार नाही. विषाणूला थोपवणारे प्रतिपिंड तयार व्हायचे तर शरीराने कवच सबंध पाहायला हवे. आणि कवच बिनशिवणीचे आहे. उष्णतेने तुकड्यांची थरथर वाढते, कमजोर ओढ तुटते आणि बाटलीतल्या बाटलीत कवच उसवते. बाटली तशीच दिसते, रंग तोच, लेबल तेच, पण आत अखंड गोळ्यांऐवजी ठिगळे उरतात. म्हणून लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच ठेवायची असते. गोठवूही नये, कारण गोठल्याने तेल आणि पाणी फाटते आणि लस बिघडते.

याहून काळजीची गोष्ट अशी की सर्व प्रकारच्या विषाणूंची कवचे सारखी मजबूत नसतात. आपल्या देशात सर्वाधिक उद्रेक ‘ओ’ प्रकाराचे होतात, आणि ‘ओ’चे कवच ‘ए’च्या मानाने उष्णतेला लवकर उसवते. ज्याच्याविरुद्ध लस सर्वांत जास्त हवी, तिचाच घटक सर्वांत नाजूक आहे. माणच्या माळावर एप्रिल-मेच्या उन्हात, वाडीवस्तीवरून मोटारसायकलने फिरणाऱ्या लसटोचकाच्या पेटीतला बर्फ हा त्या लसीचाच भाग मानायला हवा. एका वस्तीवर मी अर्धी वापरलेली बाटली चहा होईपर्यंत ओसरीच्या कठड्यावर उन्हात ठेवलेली पाहिली आहे, आणि चहानंतर तीच पुढच्या गोठ्यात टोचली गेली. तेव्हा मला हे ठाऊक नव्हते, म्हणून मी गप्प राहिलो. त्याची खंत वाटते.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर

देवीच्या लसीत जिवंत, पण सौम्य विषाणू असायचा. तो दंडावरच्या कातडीत खरोखर वाढायचा, फोड यायचा, खपली धरायची, आणि शरीराला दिवसेंदिवस त्याच्याशी झुंजावे लागायचे. झुंज लांबली म्हणून आठवणही लांब टिकली. लाळ्या-खुरकुताच्या लसीतले कवच वाढत नाही. शरीर त्याला पाहते, प्रतिपिंडे बनवते, पण झुंज होत नसल्याने काही महिन्यांत त्यांचे प्रमाण उतरते. म्हणून वासराला चार महिन्यांचे झाल्यावर पहिली मात्रा, महिन्याभराने दुसरी, आणि पुढे दर सहा महिन्यांनी एक, असा क्रम आहे.

दुसरे कारण विषाणूच्या बदलण्यात आहे. त्याची चिठ्ठी सुमारे ८,४०० अक्षरांची आहे, आणि नक्कल करताना चुका तपासणारे कुणी नसल्याने जवळजवळ प्रत्येक नकलेत एखादे अक्षर बदलते. फासाच्या टोकावरची ‘आरजीडी’ तिकडी बदलली तर खुंटी सुटते आणि तो विषाणू मागे पडतो, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते. तिच्या दोन्ही बाजूंचे मणी मात्र बदलत राहतात. प्रतिपिंडाला तीन मणी धरून भागत नाही, त्याला आजूबाजूचा बराच भाग पकडावा लागतो. तो भाग बदलला की जुने प्रतिपिंड घसरते. खूण तीच ठेवायची आणि वेश बदलायचा, अशी ही चाल आहे.

यातूनच विषाणूचे सात प्रकार झाले: ओ, ए, सी, एशिया-१ आणि आफ्रिकेतले सॅट-१, सॅट-२ व सॅट-३. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही. भारतात ओ, ए आणि एशिया-१ आढळतात. सी प्रकार आपल्याकडे १९९५ नंतर दिसलेला नाही. म्हणून आपली लस या तिघांची मिळून असते. एका प्रकारातही पोटभेद होत राहतात, त्यामुळे लसीतला विषाणू आणि गावात फिरणारा विषाणू जुळतो का हे पाहणे हे न संपणारे काम आहे. भुवनेश्वर येथील राष्ट्रीय संस्था ते करते. फोडाचा ताजा नमुना डॉक्टरांना घेऊ देणे हा त्या कामाचा पहिला टप्पा आहे, आणि तो आपल्या गोठ्यातून सुरू होतो. ‘बदनामी होईल, डेअरी दूध बंद करील’ या भीतीने आजार लपवला की ती साखळी तिथेच तुटते.

‘टोचूनही आली की!’

ही तक्रार खोटी नसते. लस टोचल्यापासून प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. यात्रेला निघताना आदल्या दिवशी टोचलेली लस त्या यात्रेत कामाची नाही. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या वासराला दुसरी मात्रा मिळालेली नसते. बाटली तापलेली असते. प्रकार जुळलेला नसतो. आणि चांगली लस मिळालेले जनावरही आजारी जनावराच्या तोंडाला तोंड लावून उभे राहिले, तर विषाणूचा इतका मोठा लोंढा येतो की प्रतिपिंडे अपुरी पडतात. शिवाय लस रोग थोपवते, पण घशातला संसर्ग दर वेळी थोपवतेच असे नाही. वरून निरोगी दिसणाऱ्या गाई-म्हशींच्या घशात विषाणू महिनोन्‌महिने राहू शकतो. यातले कोणतेही कारण लस न टोचण्याचे कारण ठरत नाही. दावणीतली नऊ जनावरे टोचली आणि दहावे ‘गाभण आहे, नंतर बघू’ म्हणून राहिले, तर ते नंतर लगेच पाहायला हवे, कारण विषाणूला वाढायला तेवढे एक पुरते.

नुसत्या फासाचीच लस का करू नये

फासच जर मुख्य, तर वीस मण्यांचा तो तुकडा प्रयोगशाळेत बनवून टोचावा, असा विचार संशोधकांनी १९८० च्या दशकातच केला. गिनीपिगमध्ये त्याला चांगले यश मिळाले, पण गाई-बैलांत मात्र संरक्षण पुरेसे मिळाले नाही. सुटा फास कवचावरच्या फासासारखा वळत नाही, आणि शरीराला कवचावरचे बाकीचे उंचवटेही दिसावे लागतात. पुन्हा तीच गोष्ट: अखंडपणा.

म्हणून आता प्रयत्न उलट दिशेने चालले आहेत, ते म्हणजे कवच शिवून टाकण्याचे. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये असे रिकामे कवच बनवले, ज्यात चिठ्ठी मुळातच नव्हती आणि जोडावरचा एक मणी बदलून शेजारच्या तुकड्यांमध्ये गंधकाचा पक्का टाका घातला होता. ते कवच उष्णतेला आणि आम्लाला साध्या कवचापेक्षा बरेच अधिक टिकले. अशी लस गावागावांत पोचेल तेव्हा जिवंत विषाणू वाढवण्याचा धोकाही उरणार नाही आणि उन्हाचाही धाक कमी होईल.

लसीसाठी विषाणू वाढवताना आढळलेली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींवर बरेच दिवस वाढलेला विषाणू हेपरान सल्फेट नावाच्या, जवळजवळ सर्व पेशींवर असणाऱ्या साखरेच्या साखळीला चिकटायला शिकतो. आता तो अधिक घातक होईल असे वाटते, पण घडते उलट. जिथे तिथे चिकटणारा असा विषाणू गाईत गेल्यावर वाटेतच अडकून राहतो आणि कमजोर पडतो. थोड्याच, पण नेमक्या ठिकाणच्या खुंट्या निवडण्यात या विषाणूची ताकद आहे.

माणसाला हा रोग होतो का

शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न लेकरांच्या काळजीपोटी येतो. माणसाला लागण झाल्याच्या नोंदी जगात अत्यंत विरळ आहेत आणि त्याही सौम्य आजाराच्या आहेत. लहान मुलांना होणारा ‘हात-पाय-तोंड’ हा आजार नावाने जवळचा वाटतो, पण त्याचे विषाणू वेगळे आहेत. मग माणसाच्या पेशींवर ती खुंटी नसते का? असते. तरीही आपण वाचतो, कारण खुंटीला अडकणे ही पहिली पायरी आहे. आत गेल्यावर पेशीच्या यंत्राने चिठ्ठी वाचली पाहिजे आणि पेशीचे आतले राखणदार हुकवता आले पाहिजेत. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर अशा दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांत विषाणूला ते सगळे साधते. घोड्याला आणि गाढवाला हा रोग होत नाही. माणूस आजारी पडत नसला तरी तो विषाणू वाहून मात्र नेतो, बुटांना, कपड्यांना, दुधाच्या किटलीला आणि काही तास स्वतःच्या नाकातही. आजारी जनावराची धार काढून तसेच शेजारच्या गोठ्यात गप्पांना जाणे, ही त्याची ठरलेली वाट आहे.

या फेरीत डॉक्टर पुन्हा आमच्या आळीत आले, तेव्हा मी आजींना हे सारे फासाच्या आणि खुंटीच्या भाषेत सांगून ठेवले होते. त्यांनी कालवडीचा कासरा आवळून धरला आणि टोचण्याआधी पेटीच्या झाकणावर हात ठेवून विचारले, “बर्फ हाय न्हवं आत?” डॉक्टरांनी झाकण उघडून दाखवले. पाण्याने ओल्या झालेल्या बर्फाच्या पिशव्यांमध्ये बाटल्या उभ्या होत्या. आजींनी एक बाटली बोटाने चाचपली, गार लागली तशी मान हलवली, आणि कालवडीची मान डॉक्टरांच्या बाजूला वळवली.